जॉब नंबर एकचे फोटो

३ जानेवारी, शुक्रवार

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू:

बेंच व्हाइसचे जबडे, चार जोड. काटकोन तपासायचा पोलादी गुण्या, एक. कारखान्याच्या टूलरूममधल्या गुण्याशी ताडून पाहिला, उजेडाची फट दिसली नाही. जुन्या लेथच्या गिअरचे तुटलेले तीन दात, वेल्डिंगने भरून कानशीने घासून काढलेले. लेथ अजून चालतो. दवाखान्यातल्या चाकाच्या खुर्चीचा ब्रेक. वडिलांच्या काठीची पितळी टोपी. हिच्या चष्म्याची बिजागरी, दोनदा. घराच्या मागच्या दाराची कडी, जी बाहेरून चोरालाही उघडता येत नाही आणि आतून मलाही येत नाही, असं हिचं म्हणणं.

ही यादी आज संस्थेतल्या संगणकावर 'पात्रता' या रकान्यात एका बोटाने टाइप केली. पाऊण तास गेला. 'जतन करा' दाबलं तर रकान्याची चौकट लाल झाली. खाली अक्षरं आली: 'कृपया प्रमाणपत्र जोडा.'

माझ्याकडे प्रमाणपत्र नाही. एकोणीस वर्षांपूर्वीच्या प्राचार्यांनी तो गिअर बघितला आणि म्हणाले, उद्यापासून फिटरच्या पोरांना तुम्ही शिकवायचं. नेमणुकीच्या पत्रात 'अनुभवाच्या आधारे' एवढे दोनच शब्द आहेत. आजवर ते पुरले.

आता यंदापासून ई-पोर्टफोलिओ. प्रत्येक विद्यार्थ्याचं इंटरनेटवर एक पान. त्यात त्याने केलेल्या प्रत्येक जॉबचा, म्हणजे सरावाच्या नगाचा, फोटो, मापं, आणि त्यातून काय शिकलो ते. शिकवणाऱ्यांचंही तसंच पान. मार्चमध्ये बाहेरची समिती तपासणार. ज्याचा पोर्टफोलिओ अपुरा त्याला शेवटची परीक्षा नाही. ज्या विभागाचे अपुरे तो विभाग बंद. प्राचार्यांनी हे सभेत उभं राहून सांगितलं. एरवी ते बसून बोलतात.

लाल चौकट तशीच ठेवून घरी आलो. जेवताना घास तोंडात फिरत राहिला. ही म्हणाली, "मीठ कमी आहे का?" हो म्हटलं.

७ जानेवारी, मंगळवार

प्रशिक्षण. पोर्टफोलिओ बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता. तिशीचा, इस्त्रीचा, गोड बोलणारा. वाक्यात तीनदा 'सर' म्हणतो, बाईंनाही. "सर, घाबरायचं काही नाही सर, तुमच्या कामाचा आरसाच आहे हा, सर."

माझ्या शेजारी संगणक शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. मी माऊस उचलून पडद्यावर टेकवला नाही, एवढंच काय ते माझं कौतुक. त्या हळूच म्हणाल्या, "झिरोटू सर, डावं बटण."

"काय म्हणालात?"

त्या कानापर्यंत लाल झाल्या. मग कळलं की अख्खी संस्था मला मागून झिरोटू म्हणते. पॉइंट झिरो टू. दोन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त चूक मी चालवून घेत नाही म्हणून. मी वरून कपाळाला आठ्या घातल्या. आतून बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

माऊस मात्र उजव्या हाताने धरायचा म्हणतात. मी डावखुरा. बाईंनी तो दुसऱ्या बाजूला करून दिला.

१० जानेवारी, शुक्रवार

पोरांनी 'मी काय शिकलो' लिहायला घेतलं. पहिल्याने लिहिलं, 'या जॉबमधून मला खूप शिकायला मिळाले.' उरलेल्या वीस जणांनी तेच उतरवून काढलं. सगळं पुसायला लावलं. म्हटलं, आपापली चूक लिहा. कुठे चुकलात हे ज्याला सांगता येत नाही त्याला कानस हातात धरायचा हक्क नाही.

फक्त मोजपट्टीने न सांगता तेच केलं होतं. बावीस जणांत एकटी मुलगी, मी तिला मोजपट्टी म्हणतो. खिशात सहा इंची पट्टी असते आणि दिसेल ते मोजते. एकदा माझ्या टेबलाची उंची मोजून म्हणाली होती, "सर, हे एका बाजूला चार मिलिमीटर कललंय." होतंच. मी पाय घासून सारखं केलं.

आज दुपारी फोटोंची यादी उघडली.

सहा जॉबचे फोटो हवेत. चार, पाच, सहा कपाटात आहेत. पण जॉब नंबर एक? पंचाहत्तर मिलिमीटरची चौकोनी पट्टी, चारही बाजू कानशीने घासून काटकोनात आणायच्या. जुलै-ऑगस्टमध्ये होतो. मग तीच पट्टी कापून जॉब दोन करायचा, त्यालाच भोकं पाडून तीन. लोखंड वाचतं. एकोणीस वर्षं असंच चाललंय. म्हणजे जॉब एक आता जगात कुठेच नाही. दोन आणि तीनचे फोटो तिसऱ्यातून भागवता येतील, दोनच्या खाचा त्यात दिसतात. एकाचं काय?

फोटो जुलैत काढायला हवे होते. जुलैत पोर्टफोलिओ हा शब्दच कुणाला माहीत नव्हता.

१३ जानेवारी, सोमवार

प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी उठून दार लोटलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोठा माणूस.

"किती दिवसांत होईल?"

"काय होईल, साहेब?"

"हे बघा, मला त्यातलं कळत नाही. तपशील मला सांगूही नका. विभाग तुमचा. पोरांचं वर्ष जाता कामा नये, एवढं बघा. तुमच्याएवढं काटेकोर माणूस संस्थेत दुसरं नाही."

"तारखेचा प्रश्न येईल. फोटोवर कॅमेऱ्याची तारीख पडते."

"तारखेचंही तुम्हीच बघा. आणि तुमच्याच नावाने चढवा, म्हणजे घोळ नको."

एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. बाहेर आलो तो थेट वर्कशॉपमध्ये गेलो आणि मापांची वही काढली. 

१४ जानेवारी, मंगळवार

ठरवलं. बावीस पट्ट्या नव्याने घासायच्या. मीच.

पण खोटं करायचं नाही. माझ्या वहीत प्रत्येकाची चूक लिहिलेली आहे. क्रमांक चार: मधे पोट. क्रमांक नऊ: डावी कड उतरती, पॉइंट एक पाच. क्रमांक तेरा: व्हाइस जास्त आवळल्याचा वळ. मोजपट्टी: उजवा वरचा कोपरा पॉइंट तीनने खाली. ज्याची चूक त्याच्याच पट्टीवर, तेवढीच. म्हणजे फोटो खरे होतील. जे होतं तेच दिसेल. यात खोटं काय आहे?

हा प्रश्न तीनदा लिहून दोनदा खोडला.

२४ जानेवारी, शुक्रवार

झाले. बावीसच्या बावीस. वर्ग चारला सुटतो, मी सहापर्यंत घासायचो, दार आतून लावून.

काटकोनात घासणं सोपं. मोजून पॉइंट तीन चुकायचं म्हणजे हातालाच शिव्या घालाव्या लागतात. तेरा नंबरच्या पोराच्या वळासाठी दोन पट्ट्या वाया गेल्या. त्याच्याइतकं अडाण्यासारखं आवळायला मला जमेना. शेवटी डोळे मिटून त्याच्यासारखा उभा राहिलो, खांदे पाडून, तेव्हा जमलं.

बाजूने दिवा धरून फोटो काढले, म्हणजे कानशीचा ओरखडान् ओरखडा दिसावा. कॅमेऱ्याची तारीख ऑगस्टवर नेली. माझ्या नावाने चढवले. बावीस पानांवर हिरवी खूण आली.

पट्ट्या माझ्या कपाटात, जाड कापडाखाली. किल्ली खिशात. दर दहा मिनिटांनी चाचपतो.

२७ जानेवारी, सोमवार

पोरं खूश. "सर, तुम्ही तेव्हाच फोटो काढून ठेवले होते? कळलंसुद्धा नाही!" तेरा नंबर म्हणाला, "बघा, माझा वळ! सरांच्या नजरेतून काही सुटत नाही."

मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. खडू मोडला.

मोजपट्टी फोनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

२९ जानेवारी, बुधवार

हिने तळहात बघितले.

ही दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दिवसाला दोनशे नावं लिहिते. हात हातात धरून म्हणाली, "एवढे फोड तर नव्या पोराला येतात. काय चाललंय?"

"पोरांना दाखवत होतो, घासून."

"अकरा दिवस?"

"हळू शिकतात."

"अहो, मागे आमच्या एकीने एका माणसाच्या नोंदीची तारीख दोन दिवस मागे घेतली. दयेपोटी. त्याचा विमा मिळावा म्हणून. सापडली तेव्हा दया कुणी विचारली नाही. तारीख विचारली."

"मला का सांगतेस हे?"

"तुम्ही उजवा अंगठा चोळताय म्हणून. खोटं बोललात की चोळता. लग्नाआधी पगार सांगतानाही चोळत होतात."

ती हसली. मला हसू आलं नाही. ती तारीख कुठून काढून आणली हिने? मी तर काहीच बोललो नव्हतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्याची यादी आली. त्यांच्या टूलरूममध्ये दरवर्षी आपल्या बॅचमधले दोघे घेतात; वर्षभर शिकवतात, मग कायम करतात. यंदा त्यांनी मुलाखत घेतलीच नाही, पोर्टफोलिओ बघून निवडलं. चार आणि सतरा नंबर. दोघेही बरे आहेत. मोजपट्टी नाही.

ती नाही हे बघून मी यादी पुन्हा वरून वाचली. दोनच नावं होती. तरी तिसऱ्यांदा वाचली.

सुट्टी झाल्यावर ती टेबलाजवळ आली.

"सर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावेन की नाही ते प्रश्न ऐकून ठरवू."

तिने फोन पुढे केला. "हा जॉब माझा नाही."

"तुझाच आहे. माझ्या वहीत आहे. उजवा वरचा कोपरा, पॉइंट तीन."

"होता. तुम्ही मापं घेतलीत आणि दुसऱ्या दिवशी रजेवर गेलात, वडील आजारी होते तेव्हा. बारा दिवस. जाताना म्हणालात, असला कोपरा ठेवून घरी जायला लाज वाटली पाहिजे. मला वाटली. मी चार दिवस घासून तो नीट केला. पॉइंट झिरो थ्रीपर्यंत आणला. झिरोटू नाही जमलं."

नाव तिच्या तोंडातून निसटलं. तिच्या लक्षातही आलं नाही.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आलात ते थेट जॉब दोनचं मार्किंग करायला घेतलंत. एकदा मोजलेलं तुम्ही पुन्हा मोजत नाही ना, सर."

खरं आहे. तो कोपरा जॉब दोनमध्ये कापूनच जातो. मी कशाला मोजू?

"कारखान्याच्या शेऱ्यात लिहिलंय," ती म्हणाली, "'पहिल्या जॉबमध्ये कोपऱ्याचा दोष, दुरुस्तीचा प्रयत्न नाही.' सर, हा फोटो आला कुठून?"

मी म्हणालो, बघतो. बघतो म्हणजे काय बघणार, हे तिने विचारलं नाही. त्याची भीती जास्त वाटली.

५ फेब्रुवारी, बुधवार

 संस्थेचा फोन वाजला की मला वाटतं माझ्यासाठीच. शिपाई दारात आला, "साहेबांनी बोलावलंय," म्हणाला, आणि शेजारच्या वेल्डिंगच्या निदेशकांना घेऊन गेला. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं सरळ करायला वेळ लागला.

हिशेब सरळ आहे. एक फोटो बदलायचा तर 'बदलाचं कारण' या रकान्यात लिहावं लागतं, ते समितीला दिसतं. कारण लिहिलं की ते बाकीचे एकवीस उघडून बघणार. पोरांची परीक्षा अडकणार. माझ्या पानावरची लाल चौकट बघून विचारणार, हे गृहस्थ कोण? एकोणपन्नासाव्या वर्षी कागद नसलेल्या फिटरला कोण दारात उभं करतं?

आणि न लिहिलं तर एका मुलीचं काम जाणार. ज्या चुकीमुळे जाणार ती चूक तिची नाही. माझी आहे. मी तासभर खपून, मापात बसवून केलेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी या वेळी दार उघडंच ठेवलं, बाहेरच्या कारकुनाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"फोटो नवीन काढलेत? हे मला आजच कळतंय."

"साहेब, मागे आपण बोललो होतो…"

"आपण पोरांच्या वर्षाबद्दल बोललो होतो. पट्ट्यांबद्दल काही बोलल्याचं मला आठवत नाही."

कामाच्या रगाड्यात माणूस विसरतो. त्यांच्यामागे सहा विभाग आहेत. मग आवाज उतरवून म्हणाले, "एक पोरगी राहिली तर जग बुडत नाही. पुढच्या वर्षी घेतील." माझी काळजी वाटते म्हणूनच म्हणाले असणार.

१० फेब्रुवारी, सोमवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून कारखान्यात गेलो. फाटकापासून टूलरूमपर्यंत दोनशे पावलं असतील. दोनदा परत फिरलो.

टूलरूमचे साहेब माझ्याच वयाचे. टेबलावर एकही कागद नव्हता, नुसती अवजारं. मला धीर आला. चहा मागवला.

"तुम्ही आलात ते बरं झालं," म्हणाले. "बरेच दिवस एक विचारायचं मनात होतं. बावीसच्या बावीस डावखुरी पोरं तुम्हाला मिळाली कुठून?"

कप बशीवर वाजला.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. बावीस पट्ट्या, एकाखाली एक. उजव्या हाताचा माणूस घासतो तेव्हा ओरखडे एका बाजूला कलतात, डावखुऱ्याचे त्याच्या उलट. हे मी एकोणीस वर्षं पोरांना शिकवतोय. बावीसच्या बावीस पट्ट्यांवर ओरखडे माझ्या बाजूला कललेले. बाजूने दिवा धरून मीच ते उठावदार केले होते.

"बाकीच्या जॉबमध्ये दोनच डावखुरे दिसतात," ते म्हणाले. "जुलैत सगळे होते आणि मग सुधारले म्हणायचं का?"

मी सांगितलं. सगळं. वहीपासून कपाटाच्या किल्लीपर्यंत. ते मधे एकदाच बोलले. "चुकासुद्धा मोजून केल्यात?" हो म्हटलं. बराच वेळ ते मुंडी हलवत राहिले. ती कौतुकाने की कीव येऊन, कळलं नाही.

"त्या मुलीला शनिवारी पाठवा. पट्टी मी देईन, कानस मी देईन, चार तास. पण तिचा फोटो तुम्हाला बदलावा लागेल. कारणात लिहा, नजरचुकीने दुसऱ्याचा फोटो चढला. एकच आहे, कुणी खोलात जाणार नाही. मी तर नाहीच जाणार."

रस्त्यावर आलो आणि पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. एकच ओळ. नजरचुकीने.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संगणकासमोर बसलो. 'नजरचुकीने' एवढं टाइप झालं होतं. मग उठलो, वर्गात गेलो आणि विचारलं, "मी ऑगस्टमध्ये रजेवर होतो तेव्हा जॉब नंबर एक कुणी कुणी पुन्हा घासला होता?"

का विचारलं, सांगता येत नाही. मोजायचं राहून गेल्यासारखं वाटत होतं.

आधी कुणी हलेना. म्हटलं, मार्क कापणार नाही. मग मोजपट्टीचा हात वर आला. मग नऊ नंबरचा. मग दोन मागच्या बाकावरचे. शेवटी सात हात वर होते. तेरा नंबरचाही.

"तूसुद्धा?"

"वळ गेला नव्हता, सर. पण कमी केला होता. बोटाला लागत नव्हता." तो ओशाळून हसला. "म्हटलं, सरांनी जुना फोटो लावलाय, असू दे. तो वळसुद्धा माझाच."

माझी वही टेबलावर उघडी होती. एकोणीस वर्षं मी छाती पुढे काढून सांगत आलो की माझ्या वहीत खाडाखोड नसते.

परत जाऊन 'नजरचुकीने' पुसलं. बावीस पानं एकेक उघडली. प्रत्येकाच्या कारणात लिहिलं: 'हा जॉब विद्यार्थ्याचा नाही. मी, निदेशकाने, जानेवारीत तयार करून तारीख बदलून चढवला. मूळ जॉब कापला गेला आहे. विद्यार्थ्यांना याची कल्पना नव्हती.' पहिल्यांदा एका बोटाने लिहिलं, पुढचं संगणकाच्या बाईंनी न विचारता चिकटवायला शिकवलं. 

'पाठवा' बावीस वेळा दाबलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हिला सांगितलं. दवाखान्यातून येऊन चप्पल काढत होती. एक पायात, एक हातात, तशीच उभी राहिली.

"सगळ्या बावीस?"

"सगळ्या."

"मूर्ख आहात तुम्ही," म्हणाली. मग बसली आणि हात मागितला. फोडांवर मलम लावलं, जणू ते आजच आलेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मोजपट्टी कारखान्यात गेली होती. मी फाटकाबाहेर चार तास उभा. पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, कुणाला भेटायचंय. म्हटलं, कुणालाच नाही.

ती बाहेर आली ती खिशातली पट्टी काढून फाटकाचे गज मोजायला लागली. मी म्हटलं, "अगं, किती?"

"पॉइंट झिरो टू," म्हणाली, आणि मग ढसाढसा रडायला लागली. मला पोरांना रागवायची सवय आहे, रडणाऱ्यांचं काय करायचं ते ठाऊक नाही. तिची पट्टी खाली पडली होती, ती उचलून दिली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मार्चमध्ये येणारी समिती आताच आली. तिघेजण. बावीस नव्या पट्ट्या घेऊनच आले. म्हणाले, आमच्यासमोर घासा, आम्ही फोटो काढतो. मला वर्गात यायची मनाई होती. बाहेर व्हरांड्यात बसून ऐकत होतो. बावीस कानशींचा आवाज. कोण जोर जास्त देतोय, कोण थकलाय, मला भिंतीआडून कळत होतं. आत जाऊन खांदा सरळ करावा असं सारखं वाटत होतं. चार वाजता दार उघडलं. एकोणीस पास. तिघांना आठवड्याने पुन्हा. परीक्षा सगळ्यांना देता येणार.

तेरा नंबरच्या पट्टीवर वळ नव्हता.

७ मार्च, शुक्रवार

पत्र मिळालं. 'संस्थेला अंधारात ठेवून बनावट पुरावे सादर केल्याबद्दल व आवश्यक पात्रता नसल्यामुळे सेवा आजपासून समाप्त.' खाली प्राचार्यांची सही. मसुदा कारकुनाचा असावा. प्राचार्यांनी घाईत न वाचता सही केली असणार. त्यांना भेटून 'अंधारात' हा शब्द दुरुस्त करून घ्यायला हवा. ही पत्र वाचून म्हणाली, "अहो, तुम्हाला पॉइंट झिरो टू दिसतं, आणि हे दिसत नाही?" काय दिसत नाही, ते तिने सांगितलं नाही.

हिच्या एकटीच्या पगारात भागेल का, याचा हिशेब दोनदा मांडला. दोन वर्कशॉपमध्ये विचारून आलो. दोन्हीकडे पहिला प्रश्न: कागद आहे का?

१५ मार्च, शनिवार

सकाळी दहा वाजता पोर्टफोलिओवाला घरी आला. तोच, इस्त्रीचा. मागच्या दाराने येत होता, कडीशी बराच झटला, मग पुढून आला.

"सर, तुमच्याबद्दल फार वाईट वाटलं, सर. खरं सांगू? तुमचे फोटो मी कंपनीत सगळ्यांना दाखवले. आमच्याकडे एकाहून एक माणसं आहेत, पण असं कुणाला जमत नाही."

"काय जमत नाही?"

"चुका, सर. बाकीचे पुरावा बनवतात तो फार चांगला होतो, लगेच ओळखू येतो. तुमच्या चुका खऱ्या वाटतात."

मग खुर्ची पुढे ओढून बोलला. आणखी सोळा संस्था आहेत, सगळ्यांची हीच अडचण, जुने जॉब कापले गेले. कागद लागणार नाही. नाव कुठे येणार नाही. घरीच करायचं. हात बदलत राहायचं एवढीच अट, कधी डावा, कधी उजवा. ते तुम्ही शिकून घ्याल, सर.

ही दाराशी उभी होती. हातातला टॉवेल घड्या घालून घालून एवढासा झाला होता. आमची या महिन्याची परिस्थिती तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला तिच्याकडे बघायचीही भीती वाटली.

मी विचारलं, "चुका कुणाच्या करायच्या?"

त्याला प्रश्न कळला नाही. "कुणाच्याही, सर. मुलाचं नाव आम्ही नंतर लावू."

मी नाही म्हणालो. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो. तो गेल्यावर त्याने सांगितलेल्या दराचा हिशेब मात्र डोक्यात झालाच: दर नगाला चारशे, नग सोळाशे, एकूण सहा लाख चाळीस हजार, निम्मे आगाऊ.